कुलूपबंद वॉशिंग्टन: १९९५चा हिवाळा

१२ नोव्हेंबर १९९५ रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये योहानेस व्हरमीरच्या चित्रांचं प्रदर्शन उघडलं. सतराव्या शतकातल्या या डच चित्रकाराची जेमतेम पस्तीसेक चित्रं आज जगात शिल्लक आहेत. त्यांतली २१ इथे एका छताखाली आली होती. व्हरमीरच्या हयातीतही कुणी एवढी चित्रं एकत्र पाहिली असतील की नाही, अशी शंका जाणकार बोलून दाखवत होते. देशोदेशीच्या संग्रहालयांची मनधरणी करून ती आणायला कित्येक वर्षं लागली होती. प्रदर्शन रविवारी उघडलं आणि मंगळवारी, १४ तारखेला, बंद झालं. आग लागली नव्हती, चोरी झाली नव्हती, कर्मचाऱ्यांचा संपही नव्हता. अमेरिकी काँग्रेसनं खर्चाला मंजुरी दिली नव्हती, म्हणून गॅलरी चालवण्याचा अधिकारच कुणाकडे उरला नव्हता.

त्याच दिवशी केंद्र सरकारच्या सुमारे ८ लाख कर्मचाऱ्यांना बिनपगारी घरी बसवण्यात आलं. शीतयुद्ध जिंकून चारच वर्षं झालेल्या, जगात सर्वांत धनवान असलेल्या देशाचं सरकार आपल्या कचेऱ्या उघडू शकत नव्हतं. तिजोरी रिकामी नव्हती आणि करही रोजच्यासारखे जमा होत होते. तो पैसा कशावर खर्च व्हावा याविषयी दोन निवडून आलेल्या बाजूंचं एकमत होत नव्हतं, आणि दोघींनी माघार न घ्यायचं ठरवलं होतं.

हे आपल्याकडे का होत नाही, असा प्रश्न मराठी वाचकाला पडेल आणि तो रास्त आहे. विधिमंडळाच्या मंजुरीशिवाय तिजोरीतून पैसा काढायचा नाही, हा नियम दोन्ही देशांच्या राज्यघटनांत आहे. अमेरिकेच्या घटनाकारांनी तो पहिल्याच कलमात घातला, कारण इंग्लंडचा इतिहास त्यांच्या डोळ्यांसमोर होता: राजाला पैशासाठी पार्लमेंटपुढे यावं लागलं म्हणून पार्लमेंटला बळ आलं, आणि पहिल्या चार्ल्सनं पार्लमेंटला डावलून कर वसूल करायला सुरुवात केली तेव्हा प्रकरण यादवीपर्यंत गेलं. आपल्याकडे विनियोजन विधेयक मंजूर झाल्याशिवाय संचित निधीला हात लावता येत नाही. मार्चअखेरपर्यंत अर्थसंकल्प पुरता मंजूर झाला नसेल, तर लेखानुदान घेऊन काही महिन्यांची सोय करतात. आणि लोकसभेनं सरकारच्या खर्चाची मागणीच फेटाळली, तर सरकार पडतं. दुसरं येतं किंवा निवडणूक होते. सत्तेत कुणी राहायचं हा प्रश्न सुटतो आणि पोस्टमन आपली फेरी चालू ठेवतो.

अमेरिकेत सरकार असं पडत नाही. राष्ट्राध्यक्ष चार वर्षांसाठी वेगळा निवडून येतो, प्रतिनिधिगृह दोन वर्षांसाठी वेगळं, आणि सिनेटरांची मुदत सहा वर्षांची. लोकांनी आपल्यालाच कौल दिला आहे असं तिघंही म्हणू शकतात, आणि तिघांचंही म्हणणं खरं असतं. पैशावरून त्यांचं फाटलं की कुणाचीच खुर्ची जात नाही. मग कचेऱ्यांना कुलूप लागतं.

तरी घटनेत हा नियम पहिल्यापासून असूनही पावणेदोनशेहून अधिक वर्षं असं कुलूप कधी लागलं नव्हतं. त्यामागे एक जुना कायदा आणि त्याचा एक नवा अर्थ आहे, आणि एवढ्या मोठ्या गोष्टीचा उगम इतक्या लहान जागी सापडावा याचं मला अजून नवल वाटतं.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकी खात्यांना एक खोड होती. वर्षाचे मंजूर पैसे पहिल्या काही महिन्यांत उडवायचे आणि मग काँग्रेसपुढे उभं राहून सांगायचं की कंत्राटं झाली आहेत, माणसं कामाला लागली आहेत, आता पैसे द्या. काँग्रेसची चडफड होई, पण दिलेला शब्द मोडायचा कसा, म्हणून ती पैसे देई. ही खोड मोडण्यासाठी १८७० आणि १८८४ साली कायदे झाले: मंजुरीपेक्षा जास्त खर्च करायचा नाही, आणि अपवाद वगळता कुणाकडून फुकट कामही करून घ्यायचं नाही, कारण फुकट काम करणारा उद्या मोबदला मागायला येतो. पुढे १९०५ आणि १९०६ साली हे नियम आणखी कडक झाले. तरीही मंजुरीला चार-आठ दिवस उशीर झाला तर कुणी कचेरी बंद करत नसे. सत्तरच्या दशकात तर असा उशीर वारंवार झाला. खातेप्रमुख प्रवास, भरती, नवी खरेदी थांबवत आणि पैसे येणारच आहेत हे गृहीत धरून रोजचं काम चालू ठेवत.

१९८० साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचे ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांना या प्रथेविषयी मत विचारण्यात आलं. २५ एप्रिल रोजी त्यांनी उत्तर दिलं की कायद्याचे शब्द स्वच्छ आहेत. मंजुरी संपली की खात्यानं आवराआवर करून काम थांबवलंच पाहिजे, आणि जो अधिकारी ते थांबवणार नाही त्याच्यावर खटलाही होऊ शकतो. लगेच १ मे रोजी फेडरल ट्रेड कमिशन या यंत्रणेची मंजुरी संपली आणि तिचे सुमारे १,६०० कर्मचारी एक दिवस घरी गेले. मंजुरीअभावी बंद झालेली ही पहिली कचेरी. सगळं सरकारच असं थांबलं तर काय, ही भीती तेव्हा जाणवली. म्हणून जानेवारी १९८१मध्ये, पद सोडण्याच्या काही दिवस आधी, सिव्हिलेटींनी दुसरं मत देऊन मुभा ठेवली: माणसांचा जीव आणि मालमत्तेचं रक्षण यांसाठी लागणारं काम चालू राहू शकतं. तेव्हापासून मंजुरी संपली की लष्कर, तुरुंग, विमानांचं नियंत्रण चालू राहतं आणि बाकीचे घरी जातात. कायद्याचं काटेकोर वाचन करणाऱ्या या माणसाला राजकारणी त्याचं हत्यार करतील असं वाटलं नव्हतं. उतारवयात त्यांनी तसं बोलूनही दाखवलं.

रोनाल्ड रेगन यांनी नोव्हेंबर १९८१मध्ये पहिल्यांदा याचा वापर केला, सुमारे २ लाख ४१ हजार लोकांना एका दिवसापुरतं घरी पाठवून. ऑक्टोबर १९९०मध्ये कोलंबस दिनाच्या सुट्टीला जोडून थोरल्या बुश यांच्या काळात पुन्हा टाळं लागलं आणि संग्रहालयांच्या दारातून पर्यटक परतले. त्या १९९०च्या भांडणात एक नाव पुढे आलं. बुश यांनी नवे कर लावणार नाही असं वचन देऊन निवडणूक जिंकली होती आणि तूट भागवण्यासाठी ते मोडायला ते तयार झाले होते. त्यांच्याच पक्षाच्या ज्या नेत्यानं प्रतिनिधिगृहात त्याविरुद्ध बंड केलं, ते न्यूट गिंग्रिच.

गिंग्रिच हे इतिहासाचे प्राध्यापक. जॉर्जियातल्या एका महाविद्यालयात शिकवत असताना १९७८मध्ये निवडून आले. त्यांचा पक्ष तेव्हा प्रतिनिधिगृहात इतकी वर्षं अल्पमतात होता की बहुतेक रिपब्लिकन सदस्यांना ती आपली कायमची जागा वाटत असे. गिंग्रिच यांना ती कधीच मान्य नव्हती. त्यांनी डेमोक्रॅटांशी जमवून घेणाऱ्या आपल्याच ज्येष्ठांना बाजूला सारलं आणि तरुण उमेदवारांना बोलायला शिकवलं. सप्टेंबर १९९४मध्ये कॅपिटलच्या पायऱ्यांवर त्यांनी आपल्या उमेदवारांकडून ‘अमेरिकेशी करार’ नावाच्या जाहीरनाम्यावर सह्या करून घेतल्या. नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकनांनी ५४ जागा जास्त जिंकल्या. चाळीस वर्षांनंतर प्रतिनिधिगृह त्यांच्या हाती आलं, सोबत सिनेटही, आणि गिंग्रिच प्रतिनिधिगृहाचे सभापती झाले. निवडून आलेल्यांत ७३ जण नवखे होते, आणि ते वॉशिंग्टनला जमवून घ्यायला आलो नाही असं उघड सांगत होते.

त्यांचं मुख्य म्हणणं तुटीविषयी होतं आणि ते पोकळ नव्हतं. १९९२ साली सरकारनं मिळकतीपेक्षा २९० अब्ज डॉलर जास्त खर्च केले होते. बिल क्लिंटन यांनी १९९३मध्ये श्रीमंतांवरचे कर वाढवून तूट कमी करायला सुरुवात केली. ते विधेयक प्रतिनिधिगृहात २१८ विरुद्ध २१६ असं निसटतं, आणि सिनेटमध्ये समसमान मतं पडल्यावर उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांच्या निर्णायक मतानं मंजूर झालं. एकाही रिपब्लिकन सदस्यानं त्याला मत दिलं नव्हतं. तूट उतरू लागली, पण संपण्याची चिन्हं दिसेनात. फेब्रुवारी १९९५मध्ये क्लिंटन यांनी मांडलेल्या अंदाजपत्रकात पुढची कित्येक वर्षं २०० अब्जांच्या आसपासच तूट दाखवली होती. तूटबंदी घटनेतच घालण्याची रिपब्लिकनांची दुरुस्ती मार्चमध्ये सिनेटमध्ये अवघ्या एका मतानं हुकली, तेही ओरेगनचे मार्क हॅटफील्ड या त्यांच्याच पक्षाच्या ज्येष्ठ सिनेटरानं विरोधात मत दिल्यामुळे. मग जे घटनादुरुस्तीनं साधलं नाही ते अंदाजपत्रकानं साधायचं, असं ठरलं: २००२पर्यंत, म्हणजे सात वर्षांत, तूट शून्य.

त्यासाठी मेडिकेअर या वृद्धांच्या आरोग्य योजनेच्या नियोजित वाढीतून सात वर्षांत २७० अब्ज डॉलर काढायचे होते. त्याच अंदाजपत्रकात २४५ अब्ज डॉलरची करसवलतही होती. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवायची संधी डेमोक्रॅट सोडणार नव्हते. म्हाताऱ्यांच्या औषधपाण्यातून काढून श्रीमंतांच्या खिशात घालणार, असा त्यांचा प्रचार सुरू झाला. ऑगस्टपासूनच टीव्हीवर जाहिराती झळकू लागल्या. निवडणूक सव्वा वर्ष दूर असताना क्लिंटन यांच्या सल्लागारांनी, विशेषतः डिक मॉरिस यांनी, पैसा पाण्यासारखा ओतला. क्लिंटन तत्त्वासाठी लढले हे खरं. पण ही लढाई आपल्याला पुन्हा निवडून आणेल याचा हिशेबही त्यांच्याकडे मांडलेला होता. जूनमध्ये त्यांनी स्वतःच दहा वर्षांत तूटबंदीची योजना मांडली होती, तेव्हा त्यांच्याच पक्षाचे लोक भडकले होते. म्हणजे वाद उरला होता तो सात वर्षं की दहा, आणि कुणाच्या ताटातून, एवढाच. असा वाद चर्चेनं मिटतो. तो मिटला नाही, कारण समोरचा वाकणारच अशी एका बाजूची खात्री होती.

ही खात्री गिंग्रिच यांची होती. क्लिंटन शेवटच्या क्षणी माघार घेतात असा त्यांचा अनुभव होता. सप्टेंबरमध्ये रोखे व्यापाऱ्यांच्या सभेत त्यांनी उघडपणे सांगितलं की साठ दिवस सरकारी कचेऱ्या आणि रोखे नसले तरी या वेळी आपल्याला पर्वा नाही. तिजोरीची कर्जमर्यादा ४.९ लाख कोटी डॉलर होती आणि तीही भरत आली होती. ती वाढवून देण्याच्या बदल्यातही त्यांना अंदाजपत्रक हवं होतं. त्यावर अर्थमंत्री रॉबर्ट रुबिन यांनी सरकारी नोकरांच्या निवृत्तिनिधीतली गुंतवणूक तात्पुरती मोकळी करून कर्जफेड चालू ठेवली आणि एक हत्यार निकामी केलं. उरलं दुसरं. आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू झालं तेव्हा खर्चाची १३ विधेयकं मंजूर व्हायला हवी होती; बहुतेक व्हायची होती. लेखानुदानासारखी तात्पुरती मंजुरी १३ नोव्हेंबरपर्यंत होती. ती वाढवणारं विधेयक काँग्रेसनं पाठवलं, पण त्याला मेडिकेअरच्या हप्त्याची शेपटी जोडली. वृद्धांनी भरायचा वाटा कायद्याप्रमाणे नव्या वर्षात २५ टक्क्यांवर यायचा होता, तो ३१.५ टक्क्यांवरच ठेवायचा असं त्यात होतं. क्लिंटन यांनी १३ नोव्हेंबरला नकाराधिकार वापरला.

त्या रात्री व्हाइट हाउसमध्ये दोन्ही बाजू समोरासमोर बसल्या. प्रतिनिधिगृहातले रिपब्लिकन नेते डिक आर्मी यांनी तक्रार केली की डेमोक्रॅटांच्या जाहिराती पाहून आपल्या सासूबाई घाबरून गेल्या आहेत. क्लिंटन खवळले. मतचाचण्यांत पाच टक्क्यांवर घसरलो तरी तुमच्या अंदाजपत्रकावर सही करणार नाही, असं त्यांनी सुनावलं. इतकी वर्षं लोकांना राजी करण्यात हयात घालवलेल्या माणसाच्या तोंडून हे शब्द आल्यावर तरी समोरच्यांनी अंदाज बदलायला हवा होता. मध्यरात्र उलटली आणि मंजुरी संपली.

पुढचा धडा गिंग्रिच यांनी स्वतःच्या हातानं ओढवून घेतला. ४ नोव्हेंबरला इस्रायलचे पंतप्रधान यित्झाक राबिन यांची हत्या झाली होती. अंत्यसंस्काराला क्लिंटन यांनी दोन्ही पक्षांच्या नेत्यांना आपल्या विमानातून जेरुसलेमला नेलं होतं. ही टाळेबंदी, म्हणजेच शटडाउन, सुरू झाल्यावर दुसऱ्याच दिवशी, १५ नोव्हेंबरला, सकाळच्या नाश्त्याला जमलेल्या पत्रकारांना गिंग्रिच यांनी सांगितलं की इतक्या तासांच्या प्रवासात राष्ट्राध्यक्ष आपल्याशी अंदाजपत्रकावर बोललेच नाहीत, उतरतानाही आपल्याला मागच्या दारानं उतरवलं, आणि तात्पुरतं विधेयक इतकं कडक पाठवण्यामागे हेही एक कारण आहे. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’नं पहिल्या पानभर लंगोटातलं रडकं बाळ म्हणून त्यांचं व्यंगचित्र छापलं. व्हाइट हाउसनं विमानातलं छायाचित्र काढून दिलं: त्यात क्लिंटन, सिनेटचे नेते बॉब डोल आणि गिंग्रिच गप्पा मारत होते. आठ लाख लोकांची रोजी ज्या भांडणानं बंद झाली, त्यात असा मानापमान मिसळावा हे लोकांना सहन झालं नाही. मतचाचण्यांत दोषाचं माप रिपब्लिकनांच्याच पदरात पडत राहिलं.

ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यान १९१९मध्ये स्थापन झाल्यापासून पहिल्यांदाच बंद झालं. ॲरिझोनाचे रिपब्लिकन गव्हर्नर फाइफ सिमिंग्टन राज्याच्या नॅशनल गार्डचे जवान घेऊन फाटकाशी पोचले आणि उद्यान आम्ही चालवतो म्हणू लागले. केंद्रात उद्यानांचं खातं सांभाळणारे ब्रूस बॅबिट हे त्यांच्याआधीच्या काळातले ॲरिझोनाचेच गव्हर्नर. वॉशिंग्टन शहराची गत तर सगळ्यांत केविलवाणी. या शहराचं अंदाजपत्रकही काँग्रेस मंजूर करते, म्हणून शहरानं स्वतः गोळा केलेले करही त्याला वापरता येईनात. पाच लाखांहून जास्त वस्तीच्या या शहराचा काँग्रेसमध्ये एकही मतदान करणारा प्रतिनिधी नाही. भांडणात ज्यांना बोलायलाच हक्क नव्हता, त्यांच्या नगरपालिकेचं कामही अडकलं.

आणि व्हाइट हाउसमध्येही पगारी माणसं घरी गेल्यामुळे फोन उचलायला, कागद पोचवायला बिनपगारी इंटर्न पुढे झाले. १५ नोव्हेंबरच्या संध्याकाळी त्यांतल्या एका तरुणीशी राष्ट्राध्यक्षांचे जे संबंध सुरू झाले, त्यांतून तीन वर्षांनी महाभियोग उभा राहिला.

१९ नोव्हेंबरला समेट झाला. सात वर्षांत तूटबंदी हे क्लिंटन यांनी तत्त्वतः मान्य केलं. मेडिकेअर, गरिबांची मेडिकेड योजना, शिक्षण आणि पर्यावरण यांना धक्का लागू नये हे रिपब्लिकनांनी मान्य केलं. दोन्ही गोष्टी एकत्र कशा जमायच्या हे कागदावर नव्हतं. १५ डिसेंबरपर्यंत पैसे मिळाले. ६ डिसेंबरला रिपब्लिकनांच्या अंदाजपत्रकावर क्लिंटन यांनी नकाराधिकार वापरला, तो १९६५मध्ये लिंडन जॉन्सन यांनी ज्या लेखणीनं मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली होती त्याच लेखणीनं. १६ डिसेंबरला पुन्हा टाळं लागलं.

या वेळी लष्कर, शेती, वाहतूक अशा काही खात्यांची विधेयकं मंजूर झाली होती, म्हणून घरी बसलेल्यांची संख्या कमी होती: सुमारे २ लाख ८४ हजार. पण आणखी सुमारे ४ लाख ७५ हजार लोकांचा जीव-मालमत्तेच्या रक्षणाच्या कामात समावेश होत असल्यामुळे ते कामावर होते आणि त्यांचा पगार अडकला होता. तुरुंगातले पहारेकरी, सरहद्दीवरचे अधिकारी, माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या परिचारिका. नाताळ आला. खासदारांचे पगार मात्र चालू होते, कारण त्यांची तरतूद कायमस्वरूपी कायद्यानं झालेली असते. राष्ट्राध्यक्षांचाही चालू होता.

या २१ दिवसांत काय काय थांबलं ते वाचताना माझं मन सर्वांत जास्त रेंगाळतं ते मेरिलँडमधल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या रुग्णालयापाशी. जिथे इलाज हरले तिथे नवे उपचार आजमावण्यासाठी लोक तिकडे जातात. तिथे नव्या रुग्णांना घेणं बंद झालं. संस्थेच्या दूरध्वनीवर आजाराची चौकशी करणाऱ्यांना उत्तर मिळेना. साथींवर नजर ठेवणाऱ्या केंद्राचं काम थांबलं. विषारी कचरा साफ करण्याचं काम ६०९ ठिकाणी बंद पडलं. जगभरातल्या अमेरिकी वकिलातींत रोजचे २० ते ३० हजार व्हिसा अर्ज पडून राहू लागले. लग्नाला, शिकायला, आजारी आईबापांना भेटायला निघालेले लोक थांबले. खुद्द अमेरिकनांचे पासपोर्टचे २ लाख अर्ज तुंबले. विमान कंपन्या आणि पर्यटनावर पोट असलेली गावं रडकुंडीला आली. ३६८ राष्ट्रीय उद्यानं आणि स्मारकं बंद होती, आणि दोन्ही शटडाउनांत मिळून त्यांचे सुमारे ७० लाख पर्यटक बुडाले. नॅशनल गॅलरीनं खासगी देणग्या मिळवून २७ डिसेंबरला फक्त व्हरमीरची दालनं उघडली. बाकीची गॅलरी अंधारात, आणि थंडीत रांगा लावून लोक ती चित्रं पाहायला येत होते.

गिंग्रिच यांच्या नवख्या सहकाऱ्यांचा सिद्धांत असा होता की सरकार बंद पडलं तर लोकांच्या ते लक्षातही येणार नाही. तीन आठवड्यांत तो सिद्धांत मोडला. सरकार नकोसं वाटतं ते कराच्या अर्जात आणि भाषणांत. घराजवळच्या कचेरीत बसलेला कारकून, उद्यानाच्या फाटकावरचा रक्षक, वृद्धापकाळाच्या पेन्शनचा अर्ज तपासणारी बाई हे सगळं सरकारच आहे, हे ती माणसं जागेवरून उठल्यावर कळलं.

‘टाइम’ साप्ताहिकानं १९९५च्या वर्षातली व्यक्ती म्हणून गिंग्रिच यांची निवड केली. तो अंक शटडाउन चालू असतानाच आला. पण त्यांची पकड तेव्हा सुटत चालली होती. क्लिंटन यांच्याशी बोलताना ते तडजोडीकडे झुकत, आणि परत येऊन आपल्या नवख्यांपुढे उभे राहिले की तेच त्यांना मागे खेचत. ज्या पोरांना न वाकायला त्यांनी शिकवलं होतं, ती आता त्यांच्यापुढेही वाकेनात. बॉब डोल यांची अडचण वेगळी होती. दुसऱ्या महायुद्धात जबर जखमी होऊन उजव्या हाताची ताकद कायमची गमावलेला हा कॅन्ससचा सिनेटर तीन दशकांहून जास्त काळ वॉशिंग्टनमध्ये होता, आणि पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहणार होता. लोकांच्या पोटावर पाय देऊन वाटाघाटी करण्यात त्यांना काही अर्थ दिसत नव्हता. २ जानेवारी १९९६ रोजी सिनेटमध्ये त्यांनी आता पुरे झालं असं सांगितलं आणि सरकार उघडणारं विधेयक मंजूर करून घेतलं. प्रतिनिधिगृहातल्या कट्टरांनी त्यांना फितूर ठरवलं. पण तीन दिवसांनी गिंग्रिच यांनीही आपल्या सदस्यांना बसवून समजावलं. बहुतेकांनी मुकाट्यानं मत दिलं. सभागृहात तरीही १७ मतं विरोधात पडली. ६ जानेवारीला सह्या झाल्या.

कर्मचारी कामावर परतणार त्याच शनिवार-रविवारी पूर्व किनाऱ्यावर शतकातल्या मोठ्या हिमवादळांपैकी एक येऊन आदळलं आणि वॉशिंग्टन आणखी काही दिवस बंद राहिलं.

२३ जानेवारीला क्लिंटन वार्षिक भाषणासाठी काँग्रेसपुढे आले. प्रेक्षक सज्जात हिलरी क्लिंटन यांच्याजवळ ओक्लाहोमा सिटीचा एक कर्मचारी बसला होता. व्हिएतनाममध्ये लढलेला, बावीस वर्षं सोशल सिक्युरिटीच्या कचेरीत नोकरी केलेला. आदल्या एप्रिलमध्ये तिथली सरकारी इमारत बॉम्बनं उडवण्यात आली आणि १६८ माणसं मेली, तेव्हा तो आत होता. तो वाचला आणि ढिगाऱ्यात पुन्हा पुन्हा शिरून त्यानं तीन बायकांना बाहेर काढलं. क्लिंटन यांनी हे सांगितलं आणि सभागृह उभं राहिलं, रिपब्लिकन सदस्यही मनापासून टाळ्या वाजवू लागले. मग क्लिंटन यांनी उरलेली गोष्ट सांगितली: नोव्हेंबरमध्ये याच माणसाला कचेरीतून घरी पाठवण्यात आलं, आणि डिसेंबरमध्ये तो बिनपगारी काम करत राहिला. सरकार पुन्हा कधीही असं बंद करू नका, असं आव्हान त्यांनी सभागृहाला दिलं. त्यांच्यामागे सभापतींच्या खुर्चीत गिंग्रिच बसले होते. याच भाषणात क्लिंटन यांनी मोठ्या सरकारचं युग संपलं असंही जाहीर केलं. म्हणजे लढाई जिंकता जिंकता त्यांनी प्रतिपक्षाचा निम्मा मुद्दाही उचलून घेतला.

नोव्हेंबर १९९६मध्ये क्लिंटन यांनी डोल यांचा ३७९ विरुद्ध १५९ अशा निर्वाचक मतांनी पराभव केला. सरकार उघडण्यासाठी पहिलं पाऊल टाकणाऱ्या माणसालाच शटडाउनचं ओझं निवडणुकीत वाहावं लागलं, हा मला या प्रकरणातला मोठा अन्याय वाटतो. लोकांनी काँग्रेस मात्र रिपब्लिकनांच्याच हाती ठेवली. पुढच्याच वर्षी दोन्ही बाजूंनी फारसा गाजावाजा न करता तूटबंदीचा करार केला, ऑगस्ट १९९७मध्ये त्यावर सह्या झाल्या. तेजीतली अर्थव्यवस्था आणि १९९३चे वाढीव कर यांनी तिजोरी इतकी भरली, की १९९८मध्ये ६९ अब्ज डॉलरची शिल्लक पडली, १९६९नंतरची पहिली. सात वर्षं की दहा, या प्रश्नावर देश ठप्प झाला होता, आणि उत्तर तीन वर्षांच्या आत दारात आलं. त्या वर्षाच्या निवडणुकीत रिपब्लिकनांच्या जागा घटल्यावर गिंग्रिच यांनी सभापतिपद सोडलं.

पुढची सतरा वर्षं कुणी हे हत्यार उचललं नाही. २०१३मध्ये ओबामांच्या आरोग्य कायद्यावरून १६ दिवस, २०१८च्या डिसेंबरपासून मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीवरून ३५ दिवस, आणि २०२५च्या १ ऑक्टोबरपासून आरोग्य विम्याच्या सवलतींवरून ४३ दिवस असं ते पुन्हा उगारलं गेलं. ज्यानं उगारलं त्याला हवं ते जवळजवळ कधीच मिळालं नाही, तरी या तीन शटडाउनांत मुदत लांबतच गेली.

१९९५-९६च्या दोन्ही शटडाउनांचा खर्च सरकारच्याच अंदाजपत्रक कार्यालयानं १४० कोटी डॉलर काढला. त्यातला मोठा भाग न झालेल्या कामाच्या पगाराचा होता, कारण घरी बसवलेल्यांना काँग्रेसनं दोन्ही वेळा मागाहून पूर्ण पगार दिला. जानेवारी २०१९मध्ये तर तसा कायदाच झाला: यापुढे शटडाउन संपला की सरकारी नोकराला थकलेला पगार मिळेल. पण संग्रहालयाच्या उपाहारगृहात ताटं उचलणारे, मंत्रालयांच्या फरशा पुसणारे, रात्रपाळीचे खासगी पहारेकरी हे कंत्राटदारांचे नोकर. १९९५मध्ये वॉशिंग्टन परिसरातल्या सरकारी कंत्राटांच्या सुमारे एक पंचमांश रकमेवर या भांडणाचा परिणाम झाला होता. या कामगारांच्या बुडालेल्या मजुरीची तरतूद तेव्हा कुणी केली नाही, आणि २०१९च्या कायद्यातही ते नाहीत.